अ‍ॅशट्रेखालचा रंग

गाडी आत घेतली की ओविदिओ आधी अ‍ॅशट्रे उपसतो.
बॉनेट नाही, चाकं नाही. अ‍ॅशट्रे.
त्या खाचेत बोटभर रेक्झीन असतं,
बासष्ट सालापासून ऊन न पाहिलेलं.
"हा बघ," म्हणाला, "हा हिचा खरा रंग."
डाळिंबी. दाण्यांचा नव्हे,
डाळिंब सोलून झाल्यावर नखांत उरतो तो.

बाकीची ओपेल
धुऊन धुऊन विरलेल्या पोलक्यासारखी,
कुठे गुलाबी, कुठे नुसतीच मळकी.

मिर्ता एचेगोयेन दारातच उभी, पर्स पोटाशी धरून.
"बाबांची गाडी. जन्मभर गॅरेजात, ताडपत्रीखाली.
उन्हाचा संबंधच नाही.
तेव्हाचं रेक्झीनच हलकं असणार."
ओविदिओने मातेचा घोट घेतला
आणि नुसतं हं म्हटलं.

मी अजून शिकाऊ.
दारांची अस्तरं उतरवायची, खिळे मोजून डब्यात ठेवायचे,
शिवणींतली धूळ दात घासायच्या ब्रशने काढायची
(किती धूळ! आणि एक बडीशेपेची गोळी, चिकटून दगड झालेली).
धुता धुता दिसलं:
उजवं दार पार उतरलंय,
डावं जवळजवळ शाबूत.

इकडे सूर्य उत्तरेच्या अंगाने चालतो.
उजवीकडे उत्तर, तर नाक पश्चिमेला.
डॅशबोर्ड मधोमध तडकलाय, म्हणजे मावळतीपर्यंत.
"दहा वर्षं," ओविदिओ पुटपुटला, "बाराही असतील."
आमच्या कार्मेलोत पश्चिमेला नाक करून
दिवसभर गाडी लावता येईल अशी जागा एकच,
लाँचच्या धक्क्यामागचा उतार.
समोर नदी, आणि नदीपार दुसरा देश,
ढग असले की नसतोच तो.

मग सीटा बाहेर काढल्या, अंगणात शेजारी शेजारी मांडल्या.
शेजारची सीट पांढुरकी, पाठीपासून बुडापर्यंत.
ड्रायव्हरची मात्र कडांनाच उडालेली,
मध्ये खांद्यांच्या मापाचं
डाळिंबी, गडद,
जणू अ‍ॅशट्रेखालचंच.

गाडी रिकामी उभी नव्हती.

रंग उडतो म्हणतात.
हा बसून राहिला होता.

मी ओविदिओकडे पाहिलं. तो लाल रंगात
काळ्याचे थेंब मोजत होता, चार, पाच,
मग चिमूटभर गेरू, मग पुन्हा एक थेंब.
कातरलेल्या तुकड्यावर लावून उजेडात नेलं,
नाही जुळलं. पुन्हा.
सातव्यांदा जुळलं, असं तो म्हणाला;
मला अजूनही अर्धी छटा कमीच वाटते.

ड्रायव्हरच्या सीटवर गन मी धरली.
पहिला हात पातळ, नुसती वाफ.
दुसऱ्या हाताला कडा आत सरकल्या.
तिसऱ्या हाताला तो मधला माणूस
कुठून सुरू होत होता ते
मलाही दाखवता आलं नसतं.

शनिवारी मिर्ता आली. दारावरून हात फिरवला, बोटं पाहिली.
मग बिल पाहिलं.
"ही सीट तर चांगलीच होती," म्हणाली,
"हिचे पैसे कशाला?"
मी तोंड उघडलं. टेबलाखाली ओविदिओचा बूट
माझ्या पायावर येऊन थांबला.
त्याने पेन काढलं, आकडा खोडला,
खाली कमी आकडा लिहिला, नेटका, सावकाश.

सीट त्याने जुन्याच खाचेत बसवली होती, मागून दुसऱ्या.
लांब पायांच्या माणसाची खाच.
मिर्ताचे पाय क्लचला जेमतेम टेकत होते.
"पुढे घेऊ का? दोन मिनिटांचं काम."

ती समोरच्या काचेतून पाहत होती,
काचेपुढे आमची भिंत आणि तिला टेकलेली शिडी, एवढंच.
"राहू दे," म्हणाली,
आणि सीटच्या अगदी कडेवर सरकून,
पाठ कुठेच न टेकवता,
गाडी बाहेर काढली.